आत कोणी आहे का?

आमच्या मिस्त्रींना कोणाच्या घरी घेऊन जायचं म्हणजे मला घाम फुटतो. घरची माणसं दारात हसून ‘या, या’ म्हणत असतात आणि हे खाली बघत उभे. बसायच्या आधी टाचेनं दोन-तीन फरश्या ठोकणार. पोकळ आवाज आला की चेहरा असा पाडणार, जसं काही त्या घरात कोणी आजारीच आहे. लग्न ठरत होतं तेव्हा पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हाही तेच. मी समोर नटून उभी आणि ह्यांची नजर जमिनीवर. माझी आई म्हणाली, मुलगा किती लाजाळू आहे! लाजाळू कसला, डोंबल! कोपऱ्यातली एक फरशी जराशी वर आली होती, ती बघत होते. हे मला लग्नानंतर कळलं आणि तोवर उशीर झाला होता.

बत्तीस वर्षं त्यांनी फरश्या बसवल्या. शाळा, दवाखाने, दुकानं, लोकांची घरं. सगळं गुडघ्यांवर बसून. मग गुडघ्यांनीच हात टेकले. डॉक्टरांनी सांगितलं, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, जिने शक्यतो टाळा. हातात काठी आली. काम धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या भावोजींकडे गेलं आणि मिस्त्री माझ्या शिलाई मशीनसमोर खुर्ची टाकून बसले. मी कपडे शिवते. पाच महिने एक माणूस समोर बसून तुमची टीप सरळ जातेय की नाही ते बघत असेल, तर डोक्याचं काय होत असेल ते तुम्हीच ओळखा.

अशातच एक दिवस पलीकडच्या शाळेच्या मोठ्या बाई स्वतः चालत घरी आल्या. त्यांच्या शाळेतले निम्मे वर्ग मिस्त्रींनीच केलेले. आता नवा हॉल बांधून झाला होता, फरशी बाकी होती.

“मिस्त्री, मुलं मधल्या सुट्टीत नुसती धावतात आणि एकमेकांवर आपटतात,” बाई म्हणाल्या. “हॉलच्या मधोमध दोन रंगांच्या फरश्यांचा पट करू या. त्यावर मुलांनी खेळायचं. कसं खेळायचं, ते तुम्ही ठरवा. बसवायचं काम तुमचे भाऊ करतील.”

बाईंच्या अटी दोनच होत्या. डाव वीस मिनिटांत संपला पाहिजे, कारण सुट्टी तेवढीच. आणि त्या डावातलं एकही भांडण त्यांच्या खोलीत येता कामा नये. महिनाअखेरीला फरश्यांची मागणी द्यायची होती. तोवर खेळ जमला तर ठीक, नाही तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ करडी फरशी.

बाई गेल्यावर हे बराच वेळ काठीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, “ही शेवटची गं. माझ्या हातून आता ही शेवटची फरशी.”

‘हातून कसली, तोंडातून’ हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि गिळलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात दोरी लावून, खडूनं चौकटी आखल्या. नऊ आडव्या, नऊ उभ्या, एकूण एक्क्याऐंशी. आखल्या मी. हे खुर्चीत बसून “अर्धं बोट डावीकडे, अगं डावीकडे म्हटलं ना” असं ओरडत होते. खेळायला चौघं: आमची लेक, जी औषधांच्या दुकानात कामाला आहे, भावोजी, मी, आणि काठी टेकत स्वतः मिस्त्री.

पहिला नियम त्यांनी धंद्यातूनच उचलला. नवी बसवलेली फरशी ओली असते, तिच्यावर पाय द्यायचा नाही. तर इथे आपण जी फरशी सोडून पुढे जातो ती ओली झाली असं धरायचं. तिच्यावर खूण म्हणून मी चिंध्यांचे चौकोन शिवून दिले. चालायचं ते पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, तिरकं नाही. पहिल्या टाळीला सगळ्यांनी हातानं दिशा दाखवायची, दुसऱ्या टाळीला सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं. एकदम, म्हणजे मग ‘माझी पाळी, तुझी पाळी’ अशी कटकट नको.

लगेच घोडं अडलं. मी आणि भावोजींनी एकाच फरशीकडे हात दाखवला.

“वहिनी, तुम्ही मोठ्या. तुम्ही जा,” भावोजी म्हणाले.

“छे छे, खेळात कसला मोठेपणा,” मिस्त्री म्हणाले. “दोघंही जागच्या जागी थांबा. परत टाळी.”

परत टाळी वाजली, परत आमचे दोघांचे हात तिकडेच. एव्हाना भावोजींचा मोठेपणा उतरला होता आणि माझंही डोकं फिरलं होतं. अकरा टाळ्या आम्ही दोघं एकमेकांकडे बघत त्याच फरशीवर हात रोखून उभे. लेक हसून हसून खाली बसली. शेवटी मिस्त्री वैतागले आणि त्यांनी स्वतः जाऊन त्या फरशीवर चिंधी टाकली. “तुम्हालाही नाही आणि त्यांनाही नाही. जिच्यावरून भांडण, ती फरशी गेली.”

हा नियम त्यांनी वहीत लिहून खाली रेघ मारली. खरं सांगते, मला त्या वेळी त्यांचं कौतुक वाटलं. बोलून दाखवलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तरी खेळ काही जमेना. कारण मिस्त्रींचा दुसरा नियम होता की ओली फरशी चार टाळ्यांनी वाळते. वाळली की चिंधी उचलायची. त्यामुळे कोणी कोंडीत सापडलं की थोडं थांबायचं, वाट मोकळी. पहिला डाव पावणेदोन तास चालला. मी मधेच जाऊन कुकर लावून आले, तरी कोणाचं काही अडलं नाही.

“बाबा, यात हरतं कोण?” लेकीनं विचारलं.

“कोणी नाही.”

“मग जिंकतं कोण?”

मिस्त्री वहीची पानं उलटायला लागले.

“बाबा, कोणीतरी अडकल्याशिवाय डाव संपणार नाही. वाळायचा नियम काढून टाका.”

“अडकायचं नाही कोणी,” ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की कुंपणावरची मांजर पळाली. “मी केलेल्या फरशीत कोणी अडकणार नाही. सांगून ठेवतो.”

लेक बिचारी बघतच राहिली. तिला ठाऊक नव्हतं. ती तेव्हा सहा महिन्यांची होती आणि माझ्याबरोबर माझ्या माहेरी होती.

झालं होतं असं. आमचं तेव्हाचं घर दोन खोल्यांचं, एकामागे एक. आतल्या खोलीतून बाहेर पडायचं तर पुढच्या खोलीतूनच. ह्यांनी पुढच्या खोलीला नवी फरशी घालायला काढली. आतल्या दारापासून सुरुवात करून मागे मागे सरकत बाहेरच्या दारापर्यंत यायचं, अशीच पद्धत असते, नाही तर आपणच आत अडकतो. सासूबाई शेजारी गेल्यात अशी ह्यांची समजूत. शेवटची ओळ राहिली तेव्हा ह्यांनी हाक मारली, “आत कोणी आहे का?” उत्तर आलं नाही. ओळ पुरी केली, दार ओढून घेतलं आणि दुसऱ्या कामावर गेले.

सासूबाई आतल्या खोलीत होत्या. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. पाण्याची कळशी बाहेर, संडास बाहेर. मी संध्याकाळी लेकीला घेऊन परत आले तेव्हा हे फळ्या टाकून त्यांना बाहेर आणत होते. त्यांचे ओठ सुकून गेले होते. आतलं बाकीचं काय झालं होतं ते मी धुतलं, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

“तिला ऐकू कमी येतं. माझ्या लक्षातच आलं नाही,” असं हे त्या रात्री पन्नास वेळा म्हणाले. मग सासूबाईंना कानाच्या डॉक्टरकडे नेलं, कानाचं मशीन आणलं. पुढे अकरा वर्षं, म्हणजे सासूबाई असेपर्यंत, हे त्यांच्याशी ओरडूनच बोलायचे. आणि प्रत्येक कामावर शेवटची फरशी लावायच्या आधी थापीनं दारावर तीनदा ठोकून, घसा फाडून ओरडायचे, “आत कोणी आहे का?” रिकाम्या बंगल्यातसुद्धा. लोक हसायचे. ह्यांनी कधी पर्वा केली नाही.

त्या दिवसाबद्दल मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, पण ती मी तोंडातून काढायची नाही असं ठरलेलं होतं. ते पुढे येईलच.

दोन दिवस हे रुसून बसले. वही बंद, खडू बंद. मला वाटलं, गेली ती शेवटची फरशी, आता जन्मभर माझी टीप तपासणार. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच लेकीला म्हणाले, “वाळायचा नियम काढतो. पण पटाला दार हवं.”

एका कडेला मधल्या तीन फरश्या म्हणजे उंबरा. उंबरा कधी ओला होत नाही. चौघांनी समोरच्या टोकाला उभं राहायचं आणि एकेकानं उंबऱ्यावरून बाहेर पडायचं. जो सगळ्यांत शेवटी बाहेर पडेल तो जिंकला, फरशीवाल्यासारखा. लवकर बाहेर पडलात तर सुखरूप, पण जिंकत नाही. जास्त रेंगाळलात तर सगळीकडून ओल येऊन अडकता. लेकीनं बोटं मोजून सांगितलं, “उंबऱ्यावर यायला वाटा पाच आणि माणसं चार. एकच वाट भांडणात घालवायला आहे.” तिच्या बाबांना ते इतकं आवडलं की त्यांनी तेही वहीत लिहिलं.

“आणि अडकला तर?” मी विचारलं.

“तर हाक. शेवटी बाहेर पडणाऱ्यानं उंबऱ्यावर उभं राहून मोठ्यानं विचारायचं, आत कोणी आहे का? अडकलेल्यानं ‘आहे’ म्हणायचं. मग विचारणाऱ्यानं फळी टाकायची, म्हणजे दर टाळीला एक चिंधी उचलून त्याला वाट करून द्यायची. दोघं बरोबर बाहेर. जिंकणं अर्धं अर्धं.”

“आणि कोणी ‘आहे’ म्हटलंच नाही तर?”

“न म्हणायला काय झालं? अडकलेला माणूस बोंब मारणारच. मोठ्यानं विचारलं की झालं.”

मी पुढे काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

महिना संपायला चार दिवस असताना शाळेच्या पटांगणात चाचणी ठेवली. मोठ्या बाई मनगटावरच्या घड्याळात बघत उभ्या, बाकीच्या बाई कडेला, पोरं तर किती जमली होती त्याचा हिशेब नाही. टाळ्या वाजवायला भावोजी. मिस्त्रींना खुर्ची दिली होती, पण बसतील तर शपथ. दोन मुलगे आणि दोन मुली खेळायला उतरले. एक मुलगी उंच, चुणचुणीत. दुसरी दोन वेण्यांची, बारकीशी, त्या उंच मुलीचा हात सोडायला तयार नव्हती. दोघी मैत्रिणी.

डाव असा रंगला म्हणून सांगू! दोघं मुलगे एका फरशीवरून अडले, ती फरशी गेली, आणि कोणी कोणाला ढकललंसुद्धा नाही. सगळं पटांगण श्वास रोखून बघतंय. मोठ्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “मिस्त्रींनी कमाल केली हो.” मुलगे एकापाठोपाठ बाहेर पडले. उंच मुलगी वळसे घेत घेत उंबऱ्यावर आली, बाहेर तोंड करून उभी राहिली आणि शिकवल्याप्रमाणे ओरडली, “आत कोणी आहे का?”

उत्तर नाही. तिनं पाऊल टाकलं आणि ती जिंकली. काय तो गलका! पोरांनी तिला उचलूनच घेतलं. बाईंनी घड्याळ दाखवलं, सतरा मिनिटं. भावोजींनी तिथूनच मला हात केला. मी मिस्त्रींकडे वळले, म्हटलं आता तरी हसतील.

ते हसत नव्हते. ते पटाकडे बघत होते. पलीकडच्या कोपऱ्यात ती दोन वेण्यांची पोर आपल्या फरशीवर तशीच उभी होती. दोन बाजूंना पटाची कड, दोन बाजूंना चिंध्या. डाव संपला होता, सगळे निघाले होते, पण ओल्या फरशीवर पाय द्यायचा नाही हा नियम तिनं ऐकला होता ना! आणि पट संपला तिथून सरळ बाहेर पडावं, तर तिला शिकवलं होतं की ती भिंत आहे. दोन्ही हात मागे बांधून ती लांबूनच मैत्रिणीकडे बघत होती आणि तोंडभर हसत होती.

मिस्त्री काठी टेकत पटावर शिरले. आणि खाली वाकून, गुडघ्यांवर, त्याच गुडघ्यांवर बसून एक एक चिंधी उचलायला लागले. मी धावले, तर मला हातानंच थांबवलं. एक चिंधी, मग पुढे सरकायचं, मग दुसरी. तिच्यापाशी पोचेपर्यंत पटांगण हळूहळू शांत झालं.

“बाळ, तुला हाक ऐकू आली नाही का?” त्यांनी विचारलं.

“आली.”

“मग ‘आहे’ का नाही म्हणालीस?”

“ती जिंकत होती ना,” पोर म्हणाली. “मी बोलले असते तर तिचं अर्धं गेलं असतं.”

मिस्त्री तिथेच बसून राहिले. मग भावोजींनी आणि मी मिळून त्यांना उठवलं. मोठ्या बाई पुढे येऊन म्हणाल्या, “मिस्त्री, सतरा मिनिटं! उद्याच फरश्यांचं सांगून टाकते.”

“नका सांगू,” मिस्त्री म्हणाले. “खेळ चुकलाय.”

“अहो, पण छान झाला की! एवढ्याशा गोष्टीसाठी...”

“एवढीशी नाही बाई. उद्या परत खेळून दाखवतो. नाही जमलं तर करडी फरशी घाला.”

बाईंच्या कपाळावर आठी आली, पण त्या ‘बरं’ म्हणाल्या. घंटा वाजली आणि पोरं वर्गात पळाली.

घरी जाताना शाळेच्या फाटकाबाहेरच्या बाकावर हे बसले. गुडघे हातांनी धरून. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आईलाही ऐकू आलं होतं का गं?”

सव्वीस वर्षं मी तोंडाला कुलूप लावलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडून वचनच घेतलं होतं. पण आता त्या माणसाशी खोटं बोलणं मला जमेना.

“हो,” म्हटलं. “ऐकू आलं होतं. मला त्याच संध्याकाळी म्हणाल्या, त्याची एकच ओळ राहिली होती, उगीच कशाला त्याची फरशी बिघडवायची. त्यांना वाटलं, अर्ध्या तासानं परत याल. तुम्ही दुसऱ्या कामावर जाल हे त्यांना कुठे ठाऊक होतं?”

“आणि ते मशीन?”

“त्यात सेल नसायचा. डॉक्टरांकडेही मुद्दाम चुकीचं सांगितलं त्यांनी. तुम्हाला वाटत होतं ना कमी ऐकू येतं म्हणून, तर तसंच वाटू दे म्हणाल्या. कळलं तर पोरगा मनाला लावून घेईल.”

ह्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. ती घसरून पडली, तरी उचलली नाही.

“म्हणजे इतकी वर्षं,” ते म्हणाले, “मी नुसता ओरडतच राहिलो.”

आणि मग ते रडले. भर रस्त्यात, लोक येत-जात असताना. माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या. सासूबाईंची आठवण आली, त्यांचा राग आला, ह्यांची दया आली, सगळं एकदमच. आम्ही दोघं म्हातारी तिथे बसून नाकं पुसत होतो आणि एका बाईनं थांबून विचारलं, काही लागलंय का?

घरी येऊन त्यांनी वही काढली आणि हाकेचा नियम खोडला. नवा लिहिला: ‘शेवटी बाहेर पडणाऱ्यानं उंबऱ्यावर आल्यावर मागे वळायचं आणि पट बघायचा. आत कोणी दिसलं तर न विचारता फळी टाकायची. अडकलेल्यानं काही बोलायची गरज नाही.’

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत परत डाव मांडला. या वेळी एक मुलगा अडकला. उंबऱ्यावरच्या मुलानं मागे वळून बघितलं, कपाळावर हात मारला, पण गेला आणि चिंध्या उचलल्या. दोघं बाहेर पडायला आणि घंटा वाजायला एकच गाठ. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं आणि म्हणाल्या, “सांगते फरश्यांचं.”

हॉलचं काम भावोजींनी बारा दिवसांत उरकलं. शेवटच्या दिवशी मी आणि मिस्त्री बघायला गेलो. भावोजी दारापाशी गुडघ्यांवर बसले होते, हातात शेवटची फरशी, आणि मोठ्या भावाच्या हाकेची वाट बघत होते.

“दादा, ओरडतोस ना?”

“नको. थांब जरा.”

हॉलच्या मागे सामानाची खोली आहे, तिचं दार हॉलमध्येच उघडतं, पण बाहेरून खिडकी आहे. हे काठी टेकत इमारतीला वळसा घालून गेले, काचेला कपाळ लावून आत बघितलं, दोन्ही कोपरे बघितले. कोणी नव्हतं. निम्म्या वाटेवरून परत फिरले आणि पुन्हा एकदा बघून आले. मग दारापाशी येऊन म्हणाले, “लाव.”